धुऱ्यावरचे गुरू

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, तांबडे फुटायच्या सुमारास, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळच्या शिवारात माणसांची दाटी होते. आदल्या सांजेला वावरात घट मांडलेला असतो. भोवती 18 प्रकारची धान्ये, मधोमध खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, वर पाण्याची घागर, पापड, कुरडई, विड्याचे पान. रात्री तिकडे कुणी फिरकत नाही. सकाळी कोणता दाणा हलला, कोणते ढेकूळ भिजले, हे पाहून वाघ महाराजांच्या घराण्यातले जाणते पीकपाण्याचे भाकीत सांगतात. चंद्रभान महाराजांनी ही रीत घातली, तिला सुमारे 350 वर्षे झाली, असे मानतात.

भाकितावर वाद पुष्कळ झाले. शास्त्राच्या कसोटीवर ते उतरलेले नाही, आणि त्यावर भिस्त ठेवून कुणी तिफण जुंपू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण बंधूंनो, मोठा बागाईतदार आणि रोजंदारीचा गडी एका मातीवर उभे राहून चार ढेकळांकडे टक लावून पाहतात, ही गोष्ट लहान नव्हे. तेवढीच नजर आपापल्या वावराला किती जण देतात?

श्रावणात गावोगाव एकनाथी भागवत लागते. नाथांनी ते 1573 साली काशीत पुरे केले. त्यात यदू राजा एका अवधूताला हात जोडून विचारतो, तुला हे ज्ञान कुठून आले? अवधूत 24 गुरू सांगतो. त्यात पृथ्वी आहे, पाणी आहे, मधमाशी, कोळी, अजगरही आहे. साळी कांडणारी एक पोर आहे. दारी पाहुणे आलेले, काकणे वाजून घरचे दारिद्र्य कळू नये म्हणून ती एकेक काकण उतरवते. आमच्या माय-बहिणींना ही पोर अवधूतापेक्षा लवकर कळेल! राजाने नागव्या फकिराला विचारले, हे मात्र पोथी ऐकताना आपल्या कानावरून निघून जाते.

मृग लागला, पावशा ‘पेर्ते व्हा’ ओरडू लागला की आपला जीव खालीवर होतो. पावशा बिचारा आपल्या जोडीदारणीला हाक मारीत असतो. हुकूम आपण ऐकतो. पहिल्या सरीला भुलून पेरले आणि पुढे उघाड पडली, तर दुबार पेरणीचे बी आणायला घरधनिणीची पोत सावकाराकडे जाते. म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असे कृषी विद्यापीठे सांगतात. पर्जन्यमापक नसेल तर वावरात चार ठिकाणी वीतभर उकरून ओल हाताने पाहावी. धुऱ्याजवळ एक, पाणथळीत एक, चढावर दोन. चढावरची माती खरे बोलते. सोबत घरातल्या म्हाताऱ्याला न्यावे. त्याला या वावराची खोड आपल्याआधी ठाऊक असते.

आणि घरचे सोयाबीन पेरायचे असेल, तर पेरणीच्या आठवडाभर आधी 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीने ठेवावेत, गुंडाळी सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडावे. हे काम बायका अधिक निगुतीने करतात. सहाव्या-सातव्या दिवशी उलगडून कोंब मोजावेत. 70 निघाले तर बी चांगले. त्याहून कमी निघाले तर बियाणे त्या मानाने वाढवावे. फारच कमी असले तर दुसरे शोधावे, अजून वेळ असतो.