करकरे साहेब आणि तलासरीचा रस्ता

26 नोव्हेंबर आला की आमच्या डहाणूच्या वस्तीत दोन कार्यक्रम असतात. सकाळी संविधान दिन. संध्याकाळी मेणबत्त्या. गेल्या खेपेला यावरून आमच्या पोरांत वाजलं. एकजण म्हणाला, हेमंत करकरेंचा फोटो बाबासाहेबांच्या शेजारी लावू. दुसरा उसळला, ‘पोलिसाचा फोटो? तलासरीच्या रस्त्यावर आपल्याला काय मिळालं, विसरलास काय रे?’

काय मिळालं ते सांगतो. तलासरीहून मीटिंग करून जीपनं परत येत होतो. हायवेला नाकाबंदी. माझ्या पिशवीत निळे झेंडे, पत्रकं, चार पुस्तकं. ‘आडनाव काय?’ सांगितलं. ‘पुस्तकं कसली? नक्षलवादी काय तुम्ही?’ दोन तास बसवून ठेवलं. जीपमधल्या एका वारली म्हाताऱ्याला तर बसूसुद्धा दिलं नाही. त्याच्याकडं कागद नव्हता. मग ‘चला, निघा’. गुन्हा नाही, नोंद नाही, माफी तर नाहीच.

मीही त्या रागातच होतो. पण राग म्हणजे विचार नव्हे. म्हणून आज या माणसाची नोकरी मांडून बघतो.

करकरे नागपूरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजचे इंजिनिअर. हिंदुस्तान लिव्हरमधली नोकरी सोडून 1982 च्या तुकडीत आयपीएस झाले. नक्षलवादी भागात, चंद्रपूरला एसपी. तिथं लाकडातून शिल्पं करायचा छंद लागला म्हणतात. छान. पण दोस्तांनो, जंगलातलं लाकूड साहेबाच्या हातात आलं की शिल्प होतं आणि आमच्या वारली बाईच्या डोक्यावर आलं की गुन्हा होतो. यात करकरेंचा दोष नाही. पण ही व्यवस्था कुठल्या उंचीवरून कशी दिसते, ते ध्यानात ठेवा. पुढं ‘रॉ’मध्ये ऑस्ट्रियाला सात वर्षं. जानेवारी 2008 मध्ये दहशतवादविरोधी पथकाचे, एटीएसचे प्रमुख.

त्या खुर्चीवर ते वर्षभरही नव्हते. तेवढ्यात ठाणे, वाशी, पनवेलच्या नाट्यगृह-थिएटरातल्या बॉम्बचा तपास झाला आणि हिंदुत्ववादी संघटनेची माणसं धरली गेली. 2011 मध्ये त्यातल्या दोघांना शिक्षा झाली, बाकीचे सुटले. 29 सप्टेंबर 2008 ला मालेगावात स्फोट झाला, सहा माणसं मेली. करकरेंच्या पथकानं प्रज्ञासिंह ठाकूर आणि लेफ्टनंट कर्नल पुरोहित यांना अटक केली. बॉम्ब फुटला की मुसलमान मोहल्ल्यात गाडी घालायची, हा तोवरचा शिरस्ता. 2006 च्या मालेगाव स्फोटात याच एटीएसनं नऊ मुसलमान धरले होते. त्यांच्यावरचा ठपका कोर्टानं पुसला तो 2016 मध्ये. करकरेंनी शिरस्ता मोडला. शिव्या खाल्ल्या. 26 नोव्हेंबरच्या रात्री कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत कामटे, साळसकर यांच्यासोबत गोळ्या खाऊन मेले. अशोकचक्र मिळालं. आणि 2019 मध्ये त्याच प्रज्ञासिंह म्हणाल्या, माझ्या शापानं मेला. नंतर शब्द मागं घेतले, पण भोपाळमधून निवडून आल्याच.

इथवर वाचून कुणी म्हणेल, बस्स, लावा फोटो. थांबा.

जुलै 2025 बघा. 21 तारखेला हायकोर्टानं 2006 च्या लोकल बॉम्बस्फोटातले बाराही आरोपी सोडले. कबुलीजबाब छळ करून घेतलेले, विश्वास ठेवण्याजोगे नाहीत, असं म्हटलं. एकोणीस वर्षं गेली त्यांची. एकजण तर तुरुंगातच मेला. सुप्रीम कोर्टानं तो निकाल पुढं दाखला म्हणून वापरायला मनाई केली, पण माणसं परत आत घातली नाहीत. 31 तारखेला मालेगाव 2008 चे सातही आरोपी सुटले. संशय दाट असला तरी पुरावा होत नाही, असं कोर्ट म्हणालं. या खटल्यात नरमाईनं घ्या असा निरोप एनआयएच्या अधिकाऱ्यानं दिला, असं सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी 2015 मध्येच उघड सांगितलं होतं. एनआयएनं ते नाकारलं. तेही खरं की मालेगावच्या आरोपींनी एटीएसवर छळाचा आरोप केला होता. आपल्याला ते आवडोत न आवडोत, ऐकून घ्यावंच लागेल. मुसलमान पोरांनी तोच आरोप केला तेव्हा आपण ऐकला की नाही? माणूस बघून कान उघडायचे नि झाकायचे, ही मनूची रीत. आपली नव्हे.

त्याच जुलैत विधिमंडळानं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. म्हणे, डाव्या कडव्या विचाराच्या संघटनांसाठी. कडवं कोण ते ठरवणार सरकार. आमच्या भागाला हे नवीन नाही. 1945 मध्ये झरीला वारली जमले, लग्नगडी नि वेठबिगार बंद म्हणाले. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे साथी मेले. सावकाराचं लेकरं-बायकांसकट राबवून घेणं म्हणजे शांतता आणि ‘राबणार नाही’ म्हणणं म्हणजे दंगा! परवापरवाचं सांगतो. ‘विद्रोही’ मासिकाचे सुधीर ढवळे 2011 मध्ये वर्ध्याला धरले, चाळीस महिने आत ठेवले, निर्दोष सुटले. 2018 मध्ये पुन्हा धरले, जामीन 2025 ला. छापलेला कागद हा बॉम्बच की हो!

तर माझं म्हणणं एवढंच. करकरे प्रामाणिक निघाले, हे त्या यंत्राचं श्रेय नाही. त्याच खुर्चीवर, त्याच कायद्याच्या जोरावर, आधी आणि नंतर जे झालं ते वर लिहिलंय. साहेब कसा निघेल यावर मालेगावच्या पोराचं नि तलासरीच्या म्हाताऱ्याचं आयुष्य टांगून ठेवायचं, हा जुगार झाला. न्याय नव्हे. चांगल्या मालकाची वाट आपल्या बापजाद्यांनी दोन हजार वर्षं बघितली. अजून किती बघायची?

25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनी घटना समितीत राजकारणातल्या भक्तीपासून सावध केलं होतं. 26 च्या आदल्याच दिवशी. म्हणून मी पोरांना सांगितलं, करकरेंना सलाम करू, त्यांनी तो कमावलाय. पण त्यांचा देव्हारा नको. त्यांच्या नावानं मागणी करू. कबुलीवर नव्हे, पुराव्यावर तपास. निर्दोष सुटलेल्याला भरपाई. खोटा खटला रचणाऱ्यावर खटला.

या 26 ला आम्ही मेणबत्त्या घेऊन उभे राहणार नाही. तलासरीच्या रस्त्याला जमून घटनेचं कलम 22 मोठ्यानं वाचणार, वारलीतूनही सांगणार. अटक केली तर कारण सांगा. वकील भेटू द्या. चोवीस तासांत कोर्टापुढं उभं करा.

नाकाबंदीवाले ऐकतील. त्यांनाही कुणी हे धड वाचून दाखवलेलं नसणार.