पाऊस आला धावून, गेला वाहून

शिर्डीला जाणाऱ्या प्रत्येकाने कोपरगाव पाहिलेलं असतं, पण गाडीच्या खिडकीतून. साईनगर शिर्डीचं स्टेशन 2009 मध्ये सुरू झालं. त्याआधी रेल्वेने येणारी बरीचशी पब्लिक कोपरगावलाच उतरायची आणि मिळेल ती रिक्षा-जीप पकडून पुढचे पंधराएक किलोमीटर कापायची. आता समृद्धी महामार्गही जवळून जातो. थोडक्यात काय, तर कोपरगाव म्हणजे आपल्यासाठी ‘आलीच की आता शिर्डी’ असं सांगणारं गाव. आज मात्र आपण तिथेच उतरू या. कारण पाण्याचा जो घोळ पुण्या-मुंबईच्या गर्दीत पटकन लक्षात येत नाही, तो इथे एका नजरेत दिसतो.

घोळ असा आहे. गाव गोदावरीच्या अगदी काठावर. शुक्राचार्यांचं मंदिर ज्या भागात आहे, त्याचं नावच मुळी बेट. राघोबादादा पेशव्यांचा शेवट इथेच झाला, 1783 मध्ये. म्हणजे नदी अगदी दारात. आणि नळाला पाणी? 2010 च्या दशकात इथल्या लोकांनी आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी नळ येण्याचे दिवस काढलेत. शहराची मुख्य भिस्त कालव्यावर. पाणी नाशिककडच्या धरणांतून सुटतं, नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापाशी कालव्यात वळतं, इथे येऊन साठवण तलावात भरलं जातं आणि पुढचं आवर्तन येईपर्यंत पुरवून पुरवून वापरलं जातं. आपल्याकडे निवडणुकीत मेट्रो गाजते, तसा तिथे ‘पाच नंबरचा साठवण तलाव’ गाजत आला.

आता नाण्याची दुसरी बाजू. ऑगस्ट 2016 आणि ऑगस्ट 2019. नाशिकला गोदावरीने रौद्र रूप दाखवलं, धरणांची दारं उघडली आणि तेच पाणी खाली कोपरगावच्या नदीकाठच्या वस्त्यांत शिरलं. हा झाला मोठा पूर. छोटा पूर तर घरचाच असतो. तासभर दणकून पाऊस झाला की सखल रस्त्यावर गुडघाभर पाणी, गटारं तुंबलेली, दुकानदार फळ्या लावून बसलेले. आणि चार दिवसांनी त्याच गल्लीत टँकरची चौकशी सुरू.

बरं, इथे पाऊस पडतो तरी किती? वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. कोकणाच्या मानाने अगदीच किरकोळ. पण जरा कॅल्क्युलेटर काढा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे साधारण 93 चौरस मीटर. पाचशेने गुणा, येतात 46 हजार लिटर. उडालेलं, सांडलेलं वीस टक्के सोडून द्या. तरी 37 हजार लिटर उरतात. माणशी दिवसाला 135 लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा नेहमीचा हिशेब धरला, तर चार माणसांच्या घराची दोन महिन्यांहून जास्त सोय! हे सगळं पाणी आपण काय करतो? पाइपने खाली सोडतो, पेव्हर ब्लॉकवरून गटारात ढकलतो आणि मग गटार तुंबलं म्हणून नगरपालिकेच्या नावाने खडे फोडतो.

खरा व्हिलन आहे तो पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट. मोकळ्या, झाडोऱ्याच्या जमिनीवर शंभर लिटर पडले तर त्यातले दहा ते तीस लिटर वाहून जातात. काँक्रीटवर पडले तर ऐंशी-नव्वद. आणि तेही एकदम, सगळ्यांच्या घरांतून एकाच वेळी. गटार कितीही मोठं बांधा, त्या अर्ध्या तासात ते छोटंच पडणार. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईने हे पाहिलं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढा रस्त्यावर आला, तेव्हा पुणेकरांनी पाहिलं. ओढ्याला आपण नाला म्हणायला लागलो आणि नाल्याला भिंती घातल्या. पाणी आपला जुना पत्ता विसरत नाही.

जगात यावरचा फंडा आता बदललाय. पाणी लवकरात लवकर घालवायचं, हे जुनं झालं. जिथे पडेल तिथेच थोडं थांबवा, मुरवा, उरलेलं सावकाश सोडा. चीनने 2014 मध्ये ‘स्पंज सिटी’ची मोहीम काढली. स्पंज म्हणजे आपण भांडी घासतो तोच, पाणी पिणारा आणि हळूहळू सोडणारा. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाने 2011 मध्ये पंचवीस वर्षांचा प्लॅन केला: रस्त्याकडेला खोलगट बागा, झाडांची मोठी आळी, पाणी झिरपू देणारे पार्किंग लॉट. कोपनहेगनने त्याच वर्षीच्या ढगफुटीनंतर बागा आणि रस्तेच पाणी साठवण्यासाठी वापरायचं ठरवलं. तसं पाहिलं तर नांदूर मधमेश्वरची पाणथळ जागाही असाच एक मोठा स्पंज. तिला 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून मान मिळाला.

पण भाबडेपणा नको. चीनमधलं झेंगझोऊ हे स्पंज सिटीच्या कामांवर भरपूर खर्च केलेलं शहर. जुलै 2021 मध्ये तिथे एका तासात दोनशे मिलिमीटर पाऊस झाला आणि भुयारी रेल्वेत माणसं बुडाली. स्पंजलाही मर्यादा असते. नाशिकहून येणारा गोदावरीचा लोंढा कोपरगावच्या बागा पिऊन टाकतील, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. त्या पुरावर उपाय एकच, नदीची जागा नदीला ठेवणे. त्यासाठी नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असते. निळी साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. प्लॉट घेताना सात-बारा बघतो तशी ही रेषाही बघायची.

दुसरी गोष्ट मातीची. इंटरनेटवरचा शोषखड्डा जसाच्या तसा कोपरगावात खणला, तर डासांची शाळा भरेल. इथली बरीचशी माती काळी, चिकण. ओली झाली की फुगते आणि पाणी खाली जाऊच देत नाही. कालवे आले, ऊस आला आणि पाठोपाठ चोपण जमिनी आल्या. साचलेलं पाणी बाहेर काढायला शेतांतून चर खणावे लागले. त्यामुळे इथे क्रम उलटा ठेवायचा. आधी टाकी, मग खड्डा. गच्चीचं पाणी गाळून टाकीत घ्यायचं, पहिल्या पावसाचं धुळकट पाणी मात्र बाहेर सोडायचं. टाकी भरून वाहिली की ते पाणी खड्ड्यात. खड्डा काळी माती ओलांडून मुरमापर्यंत गेलेला हवा, आत दगड, खडी, वाळू. घराच्या पायापासून लांब, कारण फुगणारी माती भिंतीला तडे देते. आणि आधी साधी टेस्ट: खड्डा पाण्याने भरा, दुसऱ्या दिवशी बघा. पाणी तसंच असेल तर जागा बदला. रस्त्याचं पाणी मात्र बोअरमध्ये कधीच सोडू नका. त्यात ऑइल असतं आणि गटारही.

तुम्ही म्हणाल, यासाठी कायदा असेल ना? आहे. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवर रेन वॉटर हार्वेस्टिंग सक्तीचं आहे. पण तालुक्याच्या गावातली घरं बघा. दोन गुंठे, तीन गुंठे. पाच गुंठ्यांच्या आतला हा सगळा मामला नियमातून सुटतो. म्हणजे गावातल्या बहुतेक स्लॅबांवर पडणारं पाणी कुणाच्याच हिशेबात नाही. तिथे सरकार येणार नाही. तिथे निर्णय घरमालकाचा.

आणि तो घरमालक म्हणजे बहुतेक वेळा आपले आई-बाबा. आपण हिंजवडीत किंवा बीकेसीत, पगार झाला की घरी पैसे पाठवणारे. दिवाळीत फोन येतो, ‘अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून घेऊ का रे? चिखल फार होतो, आईचा पाय घसरतो.’ मुद्दा शंभर टक्के खरा आहे. साठीच्या आईला पर्यावरणाचं लेक्चर देऊन चिखलात चालायला लावणं हा शुद्ध आगाऊपणा. पण अख्खं अंगण झाकायची गरज नसते. फाटकापासून दारापर्यंत पक्की वाट करा. कुंपणाच्या कडेने तीन-चार फुटांची पट्टी उघडी ठेवा, वाटेपेक्षा वीतभर खोल. तिथे कर्दळ, जास्वंद, केळ काहीही चालेल. जुन्या घरांत न्हाणीच्या मागे केळी असायच्याच की! तोच फंडा.

ब्लॉकचं कोटेशन आलं असेल, तर त्यातले निम्मे ब्लॉक कमी करा आणि वाचलेले पैसे टाकीकडे वळवा. हे काम मे महिन्यात, स्लॅब झाडून घेताना उरकायचं. जूनमध्ये गवंडी मिळत नाही, आणि मिळाला तरी पाऊस थांबत नाही. तोवर या वीकेंडला घरी फोन लावाल तेव्हा एवढंच विचारा, ‘बाबा, आपल्या गच्चीचं पाणी नक्की जातं कुठे?’ उत्तर काय आलं ते मला जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात भेटूच!