पऱ्हाटीचे गणगोत

गडचांदूरच्या काळ्या रानात आज दिसते ती पऱ्हाटी बहुधा अमेरिकन कुळातली. आपली देशी पऱ्हाटी निराळी. तिची पाने बोटांसारखी खोल चिरलेली. या दोघींचे नाते काय? नुसती पाने पाहून ते कळत नाही, संकर करून पाहावा लागतो.

देशीच्या पेशीत 26 गुणसूत्रे, अमेरिकनच्या पेशीत 52. त्यांच्या संकरात 39 येतात. 1934 मध्ये स्कोव्हस्टेड यांना अशा संकरात सुमारे 13 जोड्या जुळलेल्या आणि 13 गुणसूत्रे एकटी राहिलेली आढळली. म्हणजे अमेरिकन कपाशीचा अर्धा वारसा आपल्या देशीच्याच घराण्यातला! उरलेला अर्धा अमेरिकेतल्या रानकपाशीचा, जिच्या सरकीवर कातण्याजोगा धागाही नसतो. 1940 मध्ये बीझली यांनी देशी कपाशी आणि एक अमेरिकन रानकपाशी यांचा संकर करून कॉल्चिसीनने गुणसूत्रे दुप्पट केली. 52 गुणसूत्रांच्या या नव्या झाडाचा अमेरिकन कपाशीशी संकर जुळला. निसर्गात हे मीलन दहा-वीस लाख वर्षांपूर्वी, शेतीचा पत्ताही नसताना झाले, असे आज मानतात.

मेंडेलचा वाटाणा आपण पाठ करतो. मग दारातली ही पऱ्हाटी वर्गात का नको? आधीच मागे पडलेली देशी 2002 मध्ये बीटी वाणांना परवानगी मिळाल्यावर आणखी दुर्मिळ झाली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत तिचे बियाणे जपलेले आहे, हे ठीक. पण शिक्षकांनी मनावर घेतले, तर शाळेच्या आवारातही दोन्हींची एकेक ओळ लावता येईल. कळीतले पुंकेसर काढून मुलांना संकर करू द्या. बहुतेक बोंडे गळतील. ती का गळली, हे त्यांनाच शोधू द्या.