शेपटी विरघळवणारी जनुके

परभणी जिल्ह्यात गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यांत पावसाळ्यात साचणारी डबकी अल्पायुषी असल्याने त्यांतील भैकेरांना, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या पिलांना, पाणी आटण्यापूर्वी रूपांतरण पूर्ण करावेच लागते. या बदलाला अवटू ग्रंथीचा स्राव, म्हणजे संप्रेरक, चालना देतो, हे संशोधक गुडरनाच यांनी १९१२ मध्ये भैकेरांना ती ग्रंथी खाऊ घालून दाखवले. पेशीकेंद्रातील ग्राही प्रथिन, म्हणजे संप्रेरकाला धरून ठेवणारा रेणू, संप्रेरक नसताना ठरावीक जनुके दाबून ठेवते आणि ते मिळताच तीच जनुके कार्यान्वित करते. विलक्षण हे, की एकाच संदेशाने पाय वाढतात, तर शेपटीत कोलॅजन हे आधारप्रथिन तोडणारी विकरे तयार होऊन शेपटी विरघळते. यकृतही युरिया बनवणारी विकरे वाढवते, कारण जमिनीवर विषारी अमोनिया पाण्यात सोडून देण्याची सोय उरत नाही.