कॉइलवर बंदी, मग स्लो कुकरवर का?

डिसेंबरात परीक्षा आल्या की वसई-गोव्याची पोरं नाताळला घरी जाऊ शकत नाहीत. सोरपोतेलची आठवण काढत मेसची बटाटाभाजी गिळतात. रूमवर शिजवायला बंदी, कारण कॉइल. ती 2000 वॅट ओढते, फ्यूज उडवते; तिच्यावरची बंदी मला मान्यच आहे. पण लहान स्लो कुकर जेमतेम 200 वॅटचा! आठ तास चालवा, 1.6 युनिट, कॉइल तासाभरात 2 युनिट खाते. मग दोघांना एकच नियम कसा? सकाळी मटण लावून पेपरला जा, संध्याकाळी मऊसूत तयार. (राजमा मात्र भिजवून, आधी दहा मिनिटं खळखळ उकळायचाच, मंद आचेवर त्यातलं विष जात नाही.) रेक्टर सर, रूमवर नको तर कॉमन रूममध्ये एक ठेवू द्या. 25 तारखेला पहिलं ताट तुमचं!