हलक्या गलबताने धक्का कसा पचवला?

१/ आंग्र्यांच्या आरमाराविषयी दोन समज रूढ आहेत. लहान गलबतावरून मोठी तोफ डागली असती तर ते उलटले असते, हा पहिला. म्हणूनच त्या नौका युरोपीय जहाजांपुढे दुबळ्या होत्या, हा दुसरा. रत्नागिरीच्या किनाऱ्याचा इतिहास या दोहोंना दुजोरा देत नाही.

२/ आधी हातातले शस्त्र पाहू. एकच काडतूस एक किलोच्या आणि अर्ध्या किलोच्या पिस्तुलातून उडवले, तर हलके पिस्तूल सुमारे दुप्पट वेगाने मागे येते. नळी मुठीच्या वर असल्याने त्याचे तोंडही वर उसळते. म्हणून नेमबाज मूठ शक्य तितकी नळीलगत धरतो आणि मनगट ताठ ठेवतो. धक्का नाहीसा होत नाही. तो मनगटातून बाहूकडे आणि खांद्याकडे नेला जातो.

३/ नौकेचा प्रश्नही हाच. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने या नौकांचे तपशील नोंदवले आहेत. मोठे गलबत क्वचितच ७० टनांहून अधिक असे. त्यावर २ ते ४ रत्तली गोळ्यांच्या सहा-आठ तोफा असत. लहान गलबतांचा वरचा तक्ता वजन वाचवण्यासाठी चिरलेल्या बांबूंचा असे. त्यांवर केवळ काठाला बसवलेल्या, फिरत्या खुंटीवरच्या छोट्या तोफा असत.

४/ आता हिशेब. ४ रत्तली गोळा म्हणजे सुमारे १.८ किलो. तो सेकंदाला ४०० मीटर वेगाने सुटला असे धरले, तरी ७० टनांच्या गलबताला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम एक सेंटीमीटर. गलबत उलटण्याचा प्रश्नच नाही. खरा प्रश्न वेगळा आहे: तो आघात प्रथम ज्या फळीवर, दोरावर आणि खुंटीवर येतो, ती तो सोसेल काय? बांबूच्या तक्त्यावर जड तोफ न ठेवणे हा दुबळेपणा नव्हे; आपल्या लाकडाची ओळख आहे.

५/ गुराब मोठी, १५० ते ३०० टनांची. तिच्या ९ किंवा १२ रत्तली, म्हणजे सर्वांत जड, दोन तोफा नाळेकडे, पुढे तोंड करून असत. बाजूच्या तोफा ६ ते ९ रत्तली. पुढे डागलेल्या तोफेचा धक्का नौकेच्या लांबीच्या दिशेने जातो, आणि त्या दिशेला नौका सर्वांत भक्कम असते. आडव्या माऱ्याने ती डोलते. नेमबाजाची ताठ मनगटाची पकड आणि गुराबीची ही मांडणी एकाच तत्त्वावर उभी आहे.

६/ युद्धतंत्रही याला साजेसे होते. वारा पडला की गलबते चाळीस-पन्नास वल्ह्यांनी गुराबी ओढून नेत आणि शत्रूच्या पिछाडीला, त्याच्या बाजूच्या तोफांच्या माऱ्याबाहेर उभ्या करत. मारा डोलकाठ्यांवर आणि दोरांवर होई. जहाज पंगू झाले की सर्व बाजूंनी चढाई.

७/ फेब्रुवारी १७५४ मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या आरमाराने ५०, ३६ आणि १८ तोफांची तीन डच जहाजे गाठली. दोन जाळली, तिसरे पकडले. तोफांच्या संख्येवरून बळ मोजणाऱ्यांनी या दिवसाचे उत्तर द्यावे.

८/ मात्र अभिमानाने मर्यादा झाकू नये. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्स ४४ तोफांच्या ‘प्रोटेक्टर’सह सुवर्णदुर्गावर आला, तेव्हा आंग्र्यांचे आरमार ओझे समुद्रात टाकून, वारा धरण्यासाठी पागोटीसुद्धा पसरून निसटले, किल्ला पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात हेच आरमार एका जागी दाटीने उभे होते. एका जहाजाला लागलेली आग इतरांना भिडली आणि ते जळून गेले.

९/ हलकेपणाची किंमत ही अशी: मोकळे पाणी आणि हालचाल असेल तोवर तो बळ, जागा संपली की तोच घात. आंग्र्यांच्या सुतारांना आणि तांडेलांना आपल्या नौकेला किती धक्का सोसेल हे ठाऊक होते. त्यांना चाचे म्हणून हिणवणारे आणि तोफांचे आकडे फुगवून त्यांचा गौरव करणारे, दोघेही त्यांचे हे ज्ञानच नाकारतात.