पिचरचा हंगाम : मायनर लीगमधील दारिद्र्य कोणी घडवले?

१/ मायनर लीग बेसबॉलमधल्या तरुण पिचरची कथा सांगण्याची एक ठरलेली रीत आहे. लहान गावातला मुलगा, रात्रभराचा बसप्रवास, खिशात मोजके डॉलर आणि डोळ्यांपुढे मोठे मैदान. कथा हळवी असते. ती ऐकता ऐकता आपण मान्य करून टाकतो की दारिद्र्य हा स्वप्नाचा स्वाभाविक भाग आहे. या धाग्यात त्याच समजुतीचा प्रतिवाद करायचा आहे.

२/ प्रथम रचना समजून घेऊ. अमेरिकेतील मेजर लीगमध्ये ३० क्लब आहेत. प्रत्येक क्लबच्या हाताखाली पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले मायनर लीगचे संघ असतात : तळाशी प्रशिक्षण-संकुलातील संघ, मग सिंगल-ए, डबल-ए आणि मुख्य संघाच्या खालोखाल ट्रिपल-ए. खेळाडू करार करतो तो मेजर लीगच्या क्लबशी. त्याने कोणत्या गावी खेळायचे हे क्लब ठरवतो आणि वेतनही क्लबच देतो.

३/ आपल्याकडे या जगाची ओळख झाली ती बहुधा ‘मिलियन डॉलर आर्म’ या २०१४ च्या चित्रपटामुळे. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग (क्रिकेटपटू नव्हे, हे दुसरे) आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू २००८ मध्ये चेंडूफेकीच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स क्लबने त्यांना करारबद्ध केले. चित्रपटाची कथा तिथेच संपते. पिचरचे खरे आयुष्य त्यानंतर सुरू होते.

४/ दिनेश यांना क्लबने २०१० मध्ये मुक्त केले. रिंकू २००९ पासून खालच्या पायऱ्यांवर खेळत राहिले आणि २०१२ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या सिंगल-ए संघापर्यंत पोहोचले. मग हाताच्या दुखापतींनी त्यांना गाठले. पुढे ते कुस्तीच्या रंगमंचीय व्यवसायात गेले. मेजर लीगमध्ये दोघांपैकी कोणीही खेळले नाही.

५/ अशा पिचरचा हंगाम कसा असे? (करार २०२३ मध्ये बदलले, त्यापूर्वीच्या पद्धतीविषयी बोलतो आहे.) मार्चमध्ये फ्लोरिडा किंवा ॲरिझोनात सराव शिबिर. सकाळपासून व्यायाम, फेक, कवायती. या काळाचे वेतन अनेक दशके शून्य होते. जेवणाखाणापुरता भत्ता मिळे. काम सक्तीचे, पण त्याला ‘काम’ म्हणायचे नाही, अशी ही सोय.

६/ एप्रिलच्या आरंभापासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत सुमारे १४० सामने. सुरुवातीचा पिचर साधारण दर पाचव्या दिवशी चेंडू टाकतो. पण उरलेले चार दिवस त्याचे नसतात. सराव, दंडाची निगा, सहकाऱ्याच्या प्रत्येक चेंडूची नोंद आणि सामना संपल्यावर पुढच्या गावाची बस. चाळीस तासांच्या आठवड्यात बसणारे हे काम नव्हे.

७/ पहिल्या करारातील खेळाडूला दीर्घकाळ महिन्याला ११०० डॉलर मिळत, तेही केवळ हंगामापुरते. दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात पाच-सहा जण हवा भरायच्या गाद्या टाकून झोपत. हिवाळ्यात कोणी दुकानात, कोणी गोदामात राबे आणि त्यातून वेळ काढून पुढच्या हंगामासाठी हात तयार ठेवी. त्याच खेळाच्या सर्वोच्च पायरीवर २०१८ मध्ये किमान वार्षिक वेतन ५,४५,००० डॉलर होते.

८/ ‘बाजाराचा नियमच आहे तो,’ असे यावर सांगितले जाते. हे साफ खोटे आहे. बाजार असता, तर चांगल्या पिचरला दुसऱ्या क्लबने अधिक वेतन देऊन नेले असते. ते होऊ नये म्हणून खेळाच्या मालकांनी नियम केले आणि न्यायालयांनी व संसदेने त्या नियमांना संरक्षण दिले. हा इतिहास शंभर वर्षांचा आहे.

९/ पहिला टप्पा, २९ मे १९२२. फेडरल लीग नावाची प्रतिस्पर्धी साखळी मोडीत निघाल्यावर तिच्यातील बाल्टिमोरच्या क्लबने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला : बेसबॉलचे सामने भरवणे हा स्थानिक व्यवहार आहे, संघांचे राज्याराज्यांतून जाणे आनुषंगिक आहे, सबब हा आंतरराज्य व्यापार नाही. निकालपत्र न्यायमूर्ती होम्स यांचे.

१०/ त्याआधीपासून करारांत ‘रिझर्व्ह क्लॉज’, म्हणजे राखीव हक्काचे कलम होते. कराराची मुदत संपली तरी खेळाडूवरचा क्लबचा हक्क संपत नसे. तो दुसऱ्या क्लबशी बोलणीही करू शकत नसे. १९२० च्या दशकात ब्रँच रिकी यांनी सेंट लुईस कार्डिनल्ससाठी हाताखालच्या संघांची जी रचना उभी केली, तिला ‘फार्म सिस्टीम’ म्हणतात. शेत मालकाचे, पीकही मालकाचे.

११/ दुसरा टप्पा, आणि या धाग्याचा नायक : जॉर्ज टूलसन. न्यूयॉर्क यांकीज क्लबच्या ताब्यातील हा पिचर न्यूअर्क बेअर्स या ट्रिपल-ए संघात होता. १९५० च्या हंगामासाठी क्लबने त्याला बिंगहॅम्टनच्या सिंगल-ए संघात जाण्याचा हुकूम दिला. म्हणजे दोन पायऱ्या खाली. टूलसनने जाण्यास नकार दिला.

१२/ परिणाम काय? त्याला अपात्र खेळाडूंच्या यादीत टाकले गेले. यांकीजसाठी तो खेळणार नव्हता आणि इतर कोणासाठी खेळू शकत नव्हता. ही वेठबिगारी होती असे मी म्हणणार नाही. खेळ सोडून दुसरा धंदा करायला तो मोकळा होता. पण ज्या एकाच विद्येत त्याने तारुण्य घातले, त्या विद्येची सारी दारे एका क्लबच्या शब्दाने बंद झाली.

१३/ मुंबईच्या गिरण्यांतील बदली कामगार आठवा. पाळीच्या आशेने तो फाटकापाशी ताटकळत असे. पण या गिरणीचे फाटक उघडले नाही, तर दुसऱ्या गिरणीच्या फाटकाशी उभे राहण्यास त्याला कोणी मनाई केली नव्हती. टूलसनला ती मनाई होती. देशातील सारी फाटके एकाच समझोत्याने बंद होती.

१४/ टूलसनने दावा लावला. ९ नोव्हेंबर १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो ७ विरुद्ध २ मतांनी फेटाळला. बहुमताचा निर्णय जेमतेम एका परिच्छेदाचा होता. आशय असा : तीस वर्षे हा व्यवसाय सूट गृहीत धरून वाढला आहे, काही दोष असेल तर संसदेने कायदा करावा. एका पिचरच्या उपजीविकेचा प्रश्न एका परिच्छेदात निकालात निघाला.

१५/ न्यायमूर्ती बर्टन यांनी रीड यांच्यासह भिन्नमत नोंदवले. बेसबॉलचा पसारा पाहता हा आंतरराज्य व्यापार नाही असे म्हणणे त्यांना वस्तुस्थितीला सोडून वाटले. आणि ते योग्यच होते. त्याच न्यायालयाने १९५५ मध्ये मुष्टियुद्धाला आणि १९५७ मध्ये फुटबॉलला अशी सूट नाकारली. सूट राहिली ती एकट्या बेसबॉलला.

१६/ १९७२ मध्ये कर्ट फ्लड यांच्या खटल्यात न्यायालयाने ही सूट विसंगत असल्याचे स्वतःच मान्य केले, आणि तरीही ५ विरुद्ध ३ मतांनी ती कायम ठेवली. अखेर डिसेंबर १९७५ मध्ये एका लवादाने अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांना मुक्त ठरवले. हे दोघेही पिचर. राखीव कलम मोडले, पण मेजर लीगपुरतेच. कारण लवादाचा हक्क तिथल्या संघटनेने करारातून मिळवला होता.

१७/ १९९८ मध्ये संसदेने कर्ट फ्लड यांच्या नावाने कायदा केला आणि मेजर लीगच्या खेळाडूंना मक्तेदारीविरोधी कायद्याचे संरक्षण दिले. मायनर लीगला त्यातून स्पष्ट शब्दांत वगळले. ज्यांची संघटना होती त्यांना हक्क मिळाला. ज्यांची नव्हती त्यांना कायद्याने दाराबाहेर ठेवले.

१८/ येथे कोणी म्हणेल, ‘ही तर उमेदवारी आहे, शिकाऊ माणसाने थोडे सोसावे.’ पण उमेदवार शिकून झाल्यावर दुसरीकडे जाऊ शकतो. हा पिचर सात हंगाम एकाच क्लबशी बांधलेला असे. शिवाय १९६५ पासून अमेरिकी खेळाडूंची निवड ‘ड्राफ्ट’ पद्धतीने होते. ज्याने निवडले त्याच्याशीच करार करायचा. मालक निवडण्याची मुभा पहिल्या दिवसापासूनच नाही.

१९/ आणि पिचरजवळ वेळच कमी असतो. स्टीव्ह डालकोव्स्की या विलक्षण वेगवान पिचरने १९६० मध्ये स्टॉक्टनच्या संघाकडून २६२ फलंदाज बाद केले आणि तितक्याच, म्हणजे २६२ जणांना वाईट फेकीपायी फुकट बेस दिला. १९६३ च्या वसंतात, मुख्य संघाच्या उंबरठ्यावर असताना, त्याचा हात गेला. पुढे त्याने कॅलिफोर्नियात शेतमजुरी केली. एका हातावर जगणाऱ्या माणसाची सात वर्षे म्हणजे बहुधा सगळीच वर्षे.

२०/ ‘काहींना करार करतानाच मोठी रक्कम मिळते.’ काहींना मिळते, हे खरेच. पण त्या मोजक्यांच्या बोनसमधून उरलेल्यांचे भाडे भागत नाही. अपवाद पुढे करून नियम झाकण्याचा हा जुना डाव आहे.

२१/ फेब्रुवारी २०१४ मध्ये मायनर लीगच्या माजी खेळाडूंनी किमान वेतन व जादा कामाच्या मोबदल्यासाठी दावा दाखल केला. त्यांचे वकील गॅरेट ब्रॉशस हे स्वतः जायंट्स क्लबच्या मायनर लीगमध्ये पिचर होते; हात थकल्यावर त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. ‘मिलियन डॉलर आर्म’ प्रदर्शित झाला तो त्याच वर्षी, मे महिन्यात. टाळ्या मिळाल्या त्या चित्रपटाला.

२२/ मालकांचे उत्तर संसदेतून आले. २०१६ मध्ये ‘सेव्ह अमेरिकाज पास्टाइम ॲक्ट’, म्हणजे ‘अमेरिकेचा विरंगुळा वाचवा’ या नावाचे विधेयक मांडले गेले. टीका इतकी झाली की दोन प्रस्तावकांपैकी एकीने काही दिवसांतच पाठिंबा काढून घेतला. मग मार्च २०१८ मध्ये तेच कलम २,२३२ पानांच्या अर्थसंकल्पीय विधेयकात टाकून संमत करून घेतले गेले.

२३/ या कायद्याचा अर्थ असा : हंगामात आठवड्याला चाळीस तासांचे किमान वेतन दिले की पुरे, प्रत्यक्ष काम कितीही तास असो. ताशी ७.२५ डॉलर दराने आठवड्याचे २९० डॉलर. शिबिराला आणि हिवाळी सरावाला हा हिशेबही लागू नाही. अब्जावधींची उलाढाल असलेल्या व्यवसायाला देशाच्या किमान वेतन कायद्यापासून आडोसा हवा होता, तो मिळाला.

२४/ समर्थन काय दिले गेले? ‘वेतन वाढले तर लहान गावांतील संघ बंद पडतील.’ पण गावातला संघ खेळाडूंना वेतन देतच नाही. ते मेजर लीगचा क्लब देतो. आणि कायदा होऊन तीन वर्षे व्हायच्या आत मेजर लीगने संलग्न संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली. ज्या गावांच्या नावाने सवलत घेतली, त्यांतील चाळीस गावांना वाऱ्यावर सोडले. याहून उघड लबाडी कोणती?

२५/ मग बदल कशाने झाला? मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने प्रशिक्षणकाळातही हे खेळाडू कर्मचारीच असतात असे ठरवले. जुलैमध्ये मालकांनी १८ कोटी ५० लाख डॉलर देऊन तडजोड केली. सप्टेंबरमध्ये मायनर लीगचे खेळाडू मेजर लीगच्या संघटनेत सामील झाले. मार्च २०२३ मध्ये त्यांच्या इतिहासातला पहिला सामूहिक करार झाला.

२६/ आकडे पाहा. ट्रिपल-ए : वर्षाला १७,५०० वरून ३५,८०० डॉलर. डबल-ए : १३,८०० वरून ३०,२५०. तळाची पायरी : ४,८०० वरून १९,८००. एकोणीस वा अधिक वयाच्या नव्या खेळाडूंसाठी बंधनाचा काळ सातवरून सहा हंगाम. हे अजूनही श्रीमंतीचे वेतन नव्हे. पण ‘परवडणार नाही’ म्हणून जे वर्षानुवर्षे अशक्य होते, ते संघटना झाल्यावर सात महिन्यांच्या आत शक्य झाले.

२७/ या वाढीने खेळ बुडाला नाही. तेव्हा आधीचे दारिद्र्य खेळाची गरज नव्हती. ती मालकांची बचत होती. एवढेच या धाग्याचे सांगणे आहे. आणि १९२२ चा तो निर्णय अजूनही रद्द झालेला नाही, हेही ध्यानात असू द्या. सामूहिक कराराची मुदत पाच वर्षांची आहे. ती संपली की पुन्हा मालकांसमोर बसायचे आहे.

२८/ यापुढे पिचरच्या संघर्षाची हळवी कथा समोर आली, तर नायकाच्या जिद्दीला जरूर दाद द्या. पण सोबत दोन प्रश्नही विचारा : या मुलाला वेतन कोण देतो, आणि त्याला दुसरीकडे जाता येते का? १९५० मध्ये टूलसनने हेच विचारले होते. त्यासाठी त्याने आपला हंगाम गमावला. (समाप्त)